चुलतभावाची किडनी चालते, पण सख्खा भाऊ दाखवून नाही

भाऊ, डायलिसिसवरच्या दादाला चुलतभाऊ किडनी द्यायला तयार आहे, पण कुणीतरी "चुलत चालत नाही, कागदावर सख्खा करून देतो" म्हणतंय, असं तुम्ही लिहिलंत. त्या माणसाला आजच नाही म्हणा.

चुलतभाऊ देऊ शकतो. 1994च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यात नवरा-बायको, आईवडील, मुलं आणि सख्खी भावंडं हे जवळचे नातेवाईक. 2011च्या दुरुस्तीनं आजी-आजोबा, नातवंडं त्यात आली. चुलतभाऊ या यादीत नाही, म्हणून प्रकरण ऑथोरायझेशन कमिटीपुढं, म्हणजे अशा दानाला परवानगी देणाऱ्या समितीपुढं, जातं. ती दोघांच्या मागच्या तीन वर्षांच्या उत्पन्नाचे कागद बघते आणि मुलाखतीचं चित्रीकरण करते. दोघं एकत्र असलेले जुने फोटो, अगदी लग्नाच्या अल्बममधले, शोधून ठेवा. चुलतभावावर सोसायटीचं किंवा सावकाराचं कर्ज असेल तर ते लपवू नका. लपवलेलं कर्ज निघालं की पैशासाठीच देतोय, असा संशय येणारच.

खोट्या प्रतिज्ञापत्राला मदत करणारा, पैसे देणारा आणि घेणारा, सगळ्यांना 5 ते 10 वर्षं कैद आणि 20 लाख ते 1 कोटी दंड होऊ शकतो. दलाल पळून जाईल, अडकेल तो तुमचा चुलतभाऊ. त्याचा प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी मात्र कायदा किडनीची किंमत मानत नाही. ऐन कापूस वेचणीत तो घरी बसणार, तेव्हा ते पैसे हिशेब लिहून उघडपणे द्या.

आता तुमचा दुसरा प्रश्न, मदत मागायला दादाचे रिपोर्ट पसरवावेत का, हा. अख्खी फाइल व्हॉट्सअॅपवर टाकू नका, हे मी कळकळीनं सांगतो. एचएलए रिपोर्टवरून, म्हणजे दाता-रुग्ण जुळतात का ते बघणाऱ्या तपासणीवरून, रक्ताच्या नात्याचा अंदाज येतो. आपल्या भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणीही होते, आणि घरात वाहक आहे हे पसरलं की पोरींच्या सोयरिकी मोडतात. 2023च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात जनुकीय माहितीला, म्हणजे अशा आनुवंशिक माहितीला, वेगळा वर्ग नाही. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये आले, पण बहुतेक जबाबदाऱ्या त्यानंतर 18 महिन्यांनी लागू होतात. लॅबच्या संमतीपत्रावर सही करताना नमुना संशोधनाला वापरणार का, ते विचारा. नको असेल तर तसं लिहून द्या.

मेंदूमृत दात्याच्या प्रतीक्षायादीतही दादाचं नाव घाला. विदर्भाची यादी नागपूरचं झेडटीसीसी, म्हणजे विभागीय प्रत्यारोपण समन्वय केंद्र, सांभाळतं, आणि नोंदणी रुग्णालयाच्या ट्रान्सप्लांट कोऑर्डिनेटरमार्फत होते.