वारीचे फोटो आणि आजीचं लग्न

प्रश्न : ताई, मी घरच्या डार्करूममध्ये वारीचे कृष्णधवल फोटो फायबर पेपरवर काढलेत, दहा बाय बाराचे. गणपतीत मंडळाच्या हॉलमध्ये लावायचेत. इथल्या एका फ्रेमवाल्याने त्यातला एक पांढऱ्या गोंदाने चिकटवून दिला, तर फोटोला सुरकुत्या पडल्या आणि पुठ्ठा पापडासारखा वळला. घरच्या इस्त्रीने ड्राय माउंटिंग जमेल का? आजी-आजोबांच्या लग्नाचा १९५४ सालचा फोटोही तसाच बसवावा म्हणतो.
– एक वाचक, सांगली

उत्तर : वारीचे खुशाल बसवा. आजी-आजोबांना मात्र इस्त्रीखाली घालू नका!

गोंदात पाणी असतं. फायबर पेपर, म्हणजे प्लास्टिकचा थर नसलेला फोटोचा कागद, ते पिऊन फुगतो आणि सुकताना आकसतो, त्या ओढीने पुठ्ठा वाकतो. ड्राय माउंटिंगमध्ये पाण्याचा संबंधच नाही. दोन्ही बाजूंना उष्णतेने वितळणारा थर असलेला पातळ टिश्यू फोटो आणि बोर्डाच्या मध्ये घालायचा, दाबायचा, तापवायचा. नामवंत अमेरिकन छायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्स आपले प्रिंट याच पद्धतीने बसवत, आणि प्रिंटच्या बाबतीत त्यांच्याइतका चिकित्सक माणूस शोधून सापडायचा नाही.

इस्त्री चालेल, पण फोटो तापवून दाबायच्या खास यंत्राची, म्हणजे प्रेसची, सर तिला नाही. फायबरला साधारण ८० ते ९५ अंश सेल्सिअस पुरतात. नेमका आकडा टिश्यूच्या पाकिटावर बघा. इस्त्रीतलं पाणी काढून टाका, बटण सगळ्यात खाली ठेवा आणि पहिला प्रयोग रद्दी प्रिंटवर करा. प्लास्टिकचा थर असलेल्या आरसी पेपरवर मात्र हा उद्योग नको, थर वितळतो. सनबोर्डही नको, तो उष्णतेने मऊ पडून दबतो. आम्लमुक्त कॉटन बोर्ड घ्या. महाग पडतो, पडू दे.

भाद्रपदात बोर्ड ओल धरून बसलेला असतो. म्हणून आधी फोटो आणि बोर्ड, वर कोरा कागद ठेवून, अर्धा-एक मिनिट शेकून घ्या. नाहीतर वाफ आत अडकून बुडबुडे येतात. मग फोटो पालथा घालून टिश्यू मधोमध इस्त्रीच्या टोकाने टेकवा आणि दोन्ही एकत्रच स्टीलच्या पट्टीवर नव्या ब्लेडने कापा, म्हणजे टिश्यूची कड बाहेर डोकावत नाही. बोर्ड आणि टिश्यू मऊ ब्रशने झाडा. मागे राहिलेला वाळूचा एक कणसुद्धा पुढून वारकऱ्याच्या कपाळावर टेंगूळ आणतो, आणि ते मग जात नाही. फोटो जागेवर ठेवून कोपरा उचला, खालचा टिश्यू बोर्डाला टेकवा. असे दोन कोपरे पुरतात. वर सिलिकॉनचा रिलीज पेपर, म्हणजे कशालाही न चिकटणारा कागद, घाला आणि इस्त्री मध्यापासून कडांकडे दाबत न्या, कपड्यावर फिरवतो तशी घासू नका.

इथे सगळे घाई करतात. गरम असतानाच उचलून बघतात, आणि पकड तर गार होतानाच बसते! लगेच सपाट फरशीवर ठेवून वर काच आणि जाडजूड पुस्तकं रचा. पूर्ण गार झाल्यावर बोर्ड किंचित वाकवून बघा. कोपरा सुटला तर तेवढाच पुन्हा शेका.

फ्रेमची काच फोटोला टेकू देऊ नका, दमट हवेत फोटोवरचा जिलेटिनचा थर काचेला चिकटतो. मध्ये खिडकी कापलेला माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट, हवाच.

आता लग्नाचा फोटो. वारीचा प्रिंट बिघडला तर तुमच्याकडे निगेटिव्ह आहे, दुसरा काढाल. हा बहुधा एकच असेल, आणि बहुतेक टिश्यू एकदा बसले की फोटोला इजा न करता सुटत नाहीत. संग्रहालयातले संवर्धक अशा फोटोची अख्खी पाठ कधी चिकटवत नाहीत. कोपरे कागदी खाचांत अडकवतात, किंवा जपानी कागदाच्या छोट्या पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावतात. तुम्ही आम्लमुक्त कागदाचे कोपरेच वापरा. त्याहून बरं म्हणजे स्कॅन करून प्रत भिंतीवर लावा आणि मूळ फोटो कोरड्या कपाटात ठेवा. पाठीवर स्टुडिओचा शिक्का किंवा कुणाचं अक्षर असेल, तर तीही बाजू स्कॅन करा.