वाचकांचे प्रश्न : महाविद्यालय पाहायला कधी जावे, काय पाहावे?

प्रश्न : माझी मुलगी बारावी विज्ञान शाखेत असून यंदा अभियांत्रिकीची सीईटी देणार आहे. तीन वर्षांपूर्वी थोरल्या मुलाच्या वेळी आम्ही जून महिन्यात एक खासगी महाविद्यालय पाहायला गेलो होतो. तेथील प्रतिनिधीने आम्हाला वातानुकूलित सभागृह, व्यायामशाळा आणि प्लेसमेंटचा मोठा फलक दाखवला, चहा दिला आणि ‘जागा बुक करा, मूळ कागदपत्रे आमच्याकडे ठेवून जा’ असे सांगितले. आम्ही भारावून गेलो आणि पर्याय अर्जात (पसंतीची महाविद्यालये क्रमाने भरायच्या अर्जात) तेच महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर भरले. पुढे मुलाकडून कळले, की प्रॅक्टिकलच्या तासाला एकाच यंत्राभोवती पंधरा मुले उभी असतात. आता दोन दिवसांत तीन-चार महाविद्यालये पाहायची आहेत. काय काय पाहावे?
— एक पालक, परतूर (जि. जालना)

उत्तर : आपली फसगत झाली ती पाहण्यात काही कमी राहिले म्हणून नव्हे, तर आपण गेलात ती वेळ चुकीची होती म्हणून. जूनमध्ये वर्ग भरत नाहीत, विद्यार्थी सुट्टीवर किंवा परीक्षेच्या धावपळीत असतात आणि प्रवेशाच्या टेबलावरील मंडळी तेवढी हजर असतात. अशा वेळी इमारत दिसते, शिक्षण दिसत नाही. साधारणपणे जानेवारी ते एप्रिलच्या मध्यापर्यंत सम सत्राचे (वर्षाच्या दुसऱ्या सहामाहीचे) वर्ग चालू असतात. त्या काळात कामाच्या दिवशी सकाळी जावे. मुलीच्या अभ्यासात खंड पडू नये म्हणून बारावीची परीक्षा संपल्यानंतरचे दोन दिवस यासाठी ठरवता येतील. आधी विभागप्रमुखांना ई-मेल किंवा फोन करून परवानगी घ्यावी, म्हणजे फाटकावर अडचण येणार नाही आणि प्रवेश-प्रतिनिधीऐवजी एखादे प्राध्यापक भेटतील.

दोन दिवसांत चार महाविद्यालये पाहू नयेत. दोनच पाहावीत आणि प्रत्येकाला पूर्ण दिवस द्यावा. आपल्या परतूरहून एकाच रेल्वेमार्गावर एका बाजूला छत्रपती संभाजीनगरचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय (स्थापना 1960) आणि दुसऱ्या बाजूला नांदेडजवळ विष्णुपुरी येथील श्री गुरू गोविंदसिंगजी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्था (स्थापना 1981) आहे. मुलीला तेथे प्रवेश मिळेल की नाही हा प्रश्न वेगळा. पण जुन्या, नावाजलेल्या संस्थेतील एक विभाग डोळ्यांखालून घातला, की पुढचे खासगी महाविद्यालय कशाशी ताडून पाहायचे याचे माप हाती येते. म्हणून पहिला दिवस अशा संस्थेसाठी ठेवावा आणि दुसरा दिवस जेथे प्रवेशाची खरी शक्यता आहे त्या महाविद्यालयासाठी.

मी अभियांत्रिकी शिकवण्यात बरीच वर्षे घालवली आहेत आणि त्या अनुभवावरून सांगतो, की सर्वाधिक वेळ प्रयोगशाळेत आणि वर्कशॉपमध्ये द्यावा. लेथखालच्या (धातू कातण्याच्या यंत्राखालच्या) ट्रेमध्ये लोखंडाचा ताजा, चकचकीत कीस पडलेला असेल आणि कूलंटचा, म्हणजे यंत्र थंड ठेवणाऱ्या द्रवाचा, वास येत असेल, तर ते यंत्र त्या आठवड्यात चालले आहे असे खुशाल समजावे. यंत्रावर प्लॅस्टिकचे कव्हर असून त्यावर धूळ बसलेली असेल, तर ते पाहुण्यांसाठी आहे. संगणक किंवा इलेक्ट्रॉनिक्सची शाखा असेल, तर प्रॅक्टिकलची बॅच चालू असताना दारात उभे राहावे आणि किती मुले स्वतःच्या हाताने काम करतात, किती जण नुसते खांद्यावरून वाकून पाहतात, हे मोजावे. आपल्या मुलाने सांगितलेली अडचण या एका मोजणीत उघड झाली असती. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याची जर्नल मागून पाहावी. सर्व प्रयोगांवर एकाच दिवसाची सही असेल, तर ते प्रयोग झाले कसे, हा प्रश्न विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे.

शिक्षकांची माहिती संकेतस्थळावर असते. ती यादी छापून सोबत न्यावी आणि विभागातील दारांवरच्या पाट्यांशी पडताळून पाहावी. अभियांत्रिकीच्या पदवीसाठी वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक हे एआयसीटीईचे (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेचे) प्रमाण आहे. प्रत्यक्षात दुसऱ्या वर्षाचे विषय कोण शिकवते, हे विद्यार्थ्यांकडून पाच मिनिटांत कळते.

त्या विद्यार्थ्यांशी मुलीने स्वतः बोलावे आणि आपण थोडे दूर थांबावे, कारण पालक समोर असले की मुले जपून बोलतात. कँटीनमध्ये तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठून गेल्या सत्रात किती तास खरोखर झाले, केटी (नापास होऊन मागे राहिलेले विषय) कोणत्या विषयात जास्त लागतात, इंटर्नशिप महाविद्यालयाने मिळवून दिली की स्वतः शोधावी लागली, एवढेच विचारावे. प्लेसमेंटच्या फलकावर सर्वांत मोठे पॅकेज असते, आणि ते एखाद्याच विद्यार्थ्याचे असते. महाविद्यालय एनआयआरएफमध्ये (केंद्र शासनाच्या शिक्षणसंस्था क्रमवारीत) सहभागी असेल, तर त्याने सादर केलेल्या माहितीत किती विद्यार्थ्यांना नोकरी लागली आणि मध्यक वेतन (निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून जास्त मिळते ते) किती, हे दिलेले असते. तो आकडा फलकापेक्षा अधिक विश्वासार्ह मानावा. ‘एनबीए (राष्ट्रीय मानांकन मंडळ) मानांकित’ असा फलक असल्यास कोणत्या शाखेसाठी आणि कधीपर्यंत, हे विचारावे, कारण हे मानांकन संपूर्ण संस्थेला नव्हे तर एकेका अभ्यासक्रमाला मिळते.

वसतिगृहाचे सांगायचे तर मुलगी तेथे चार वर्षे राहणार आहे, म्हणून संकोच बाजूला ठेवून आईने आत जाऊन स्नानगृहे, दारांच्या कड्या आणि पिण्याच्या पाण्याची सोय पाहावी. मेसमध्ये पैसे भरून दोघींनी एक वेळ जेवावे.

मूळ कागदपत्रांबाबत मात्र मी ठामपणे सांगेन, की पाहणीच्या दिवशी ती घरीच ठेवावीत. कॅपमधील (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतील) जागा गुणवत्ता आणि पर्यायक्रमानुसार सीईटी कक्षामार्फत मिळते. ती ‘बुक’ करून देण्याचा अधिकार कोणत्याही महाविद्यालयाला नाही. देणगी घेण्यास महाराष्ट्रात 1987 च्या कायद्याने बंदी आहे, आणि शुल्क नियामक प्राधिकरणाने मंजूर केलेले शुल्क किती, हे लेखी मागावे. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती आपोआप निश्चित होते आणि पुढच्या फेऱ्यांचा मार्ग बंद होतो. म्हणून जे महाविद्यालय आपण चालू स्थितीत पाहिले आहे आणि जेथे मुलीला खरोखर शिकायचे आहे, तेच पहिल्या क्रमांकावर लिहावे.

प्रश्न : वडील रोजंदारीवर आहेत. पुण्या-मुंबईला जाऊन महाविद्यालये पाहणे आम्हाला परवडणारे नाही. न पाहता पर्याय भरले तर चुकेल का?
— एक विद्यार्थिनी, कुडाळ

उत्तर : चुकणार नाही. आपल्या कनिष्ठ महाविद्यालयातून गेल्या दोन-तीन वर्षांत तेथे गेलेल्या मुली कोण, हे सरांकडून विचारून घे आणि त्यांना फोन कर. वर लिहिलेली जर्नलची, तासांची आणि केटीची चौकशी फोनवरही करता येते. एखादी मुलगी व्हिडिओ कॉलवर प्रयोगशाळा आणि वसतिगृहाची खोली दाखवायला तयार झाली, तर ते महाविद्यालयाच्या चित्रफितीपेक्षा कितीतरी खरे असेल. जवळच्या एखाद्या महाविद्यालयात मात्र एसटीने एकदा जाऊन ये, म्हणजे प्रश्न कसे विचारायचे याचा सराव होईल.

खर्चाच्या धास्तीने चांगले पर्याय वगळू नकोस. आठ लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास वर्गांतील मुलींना कॅपमधून घेतलेल्या व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या प्रवेशावर शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण सवलत देण्याचा निर्णय राज्य शासनाने जुलै 2024 मध्ये घेतला आहे. वसतिगृह आणि मेसचा खर्च त्यात येत नाही, म्हणून फोनवर त्या मुलींना वर्षाचा हा खर्च नेमका किती येतो तेही विचार, आणि उत्पन्नाचा दाखला आताच तहसील कार्यालयातून काढून ठेव.