ताठरतेच्या गोळ्यांचे दुष्परिणाम किती गंभीर असतात?

डॉक्टरांनी लिंगाच्या ताठरतेसाठी सिल्डेनाफिल लिहून दिले आहे, रक्तदाबाची गोळी आधीपासून चालू आहे आणि या नव्या गोळीने हृदयाला धोका होईल का, असे आपण विचारले आहे. मी औषधनिर्माता आहे. हा प्रश्न लोक माझ्याकडेही दबक्या आवाजात विचारतात आणि संकोचामुळे इतर कोणती औषधे चालू आहेत ते सांगायचे राहून जाते. खरा धोका बहुतेक वेळा त्या न सांगितलेल्या औषधातच असतो.

सिल्डेनाफिल, टाडालाफिल, व्हार्डेनाफिल ही सारी औषधे एकाच पद्धतीने काम करतात. रक्तवाहिन्यांच्या भिंतीतील स्नायू सैल ठेवणारे एक रसायन शरीरात तयार होत असते. ते मोडणाऱ्या विकराला (एन्झाइमला) ही औषधे रोखतात, त्यामुळे लैंगिक उत्तेजना असताना लिंगात अधिक रक्त येते. मात्र हा परिणाम तेवढ्याच जागी थांबत नाही. डोके दुखणे, चेहरा लाल होऊन गरम वाटणे, नाक चोंदणे, चक्कर येणे हे त्रास इतर ठिकाणच्या रक्तवाहिन्या रुंदावल्यामुळेच होतात. काहींना आम्लपित्त होते, आणि टाडालाफिल घेणाऱ्यांपैकी काहींची पाठ किंवा मांड्या दुसऱ्या दिवशी दुखतात. सिल्डेनाफिलमुळे क्वचित सगळे निळसर दिसते किंवा उजेड डोळ्यांना खुपतो, कारण डोळ्याच्या पडद्यातील तशाच एका विकरावरही त्याचा थोडा परिणाम होतो. हे त्रास सहसा औषध उतरले की जातात. जास्त जाणवत असतील तर ५० मिलिग्रॅमऐवजी २५ मिलिग्रॅम चालेल का, हे डॉक्टरांना विचारावे.

आता आपल्या मुख्य भीतीबद्दल. रक्तदाबाच्या बहुतेक औषधांबरोबर ही गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येते. प्राझोसिन किंवा टॅम्सुलोसिनसारखे औषध चालू असेल, आणि ते प्रोस्टेटसाठीही दिलेले असू शकते, तर रक्तदाब एकदम उतरू नये म्हणून कमी मात्रेपासून सुरुवात करतात. परंतु छातीतील कळेसाठी दिली जाणारी नायट्रेट औषधे, म्हणजे जिभेखाली ठेवायची नायट्रोग्लिसरीनची गोळी, आयसोसॉर्बाइड, तसेच निकोरँडिल, यांच्याबरोबर ही गोळी कधीही घेऊ नये, कारण दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन रक्तदाब जीवघेण्या पातळीपर्यंत घसरू शकतो. गोळी घेतल्यानंतर छातीत दुखू लागले, तर घरातील कोणाचीही सॉर्बिट्रेट, म्हणजे आयसोसॉर्बाइडचीच गोळी, तोंडात टाकू नका. ताबडतोब रुग्णालयात जा आणि कोणती गोळी किती वाजता घेतली ते तेथील डॉक्टरांना स्पष्ट सांगा. सिल्डेनाफिलनंतर किमान २४ तास आणि टाडालाफिलनंतर किमान ४८ तास नायट्रेट टाळतात, म्हणून ही माहिती लपवणे फार महागात पडू शकते.

ताठरता ४ तासांहून अधिक टिकली, एका डोळ्याची दृष्टी अचानक गेली किंवा ऐकू येणे एकाएकी कमी झाले, तर तेही तातडीचे समजावे. हे क्वचितच घडते, पण घडलेच तर सकाळपर्यंत वाट पाहू नये. लिंगात रक्त अडकून राहिले तर तेथील पेशींना कायमची इजा होते.

‘पूर्णपणे वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक गोळ्यांविषयी मला अधिक काळजी वाटते. अशा काही उत्पादनांत वेष्टनावर न लिहिलेले सिल्डेनाफिल तपासणीत आढळलेले आहे, आणि नायट्रेट घेणारा माणूस ती निर्धास्तपणे घेतो.

आणखी एक गोष्ट डॉक्टरांकडे आवर्जून काढा. लिंगाच्या धमन्या हृदयाच्या धमन्यांपेक्षा अरुंद असल्यामुळे रक्तवाहिन्यांचा आजार कधी कधी तेथे आधी जाणवतो. आपल्याला रक्तदाब आहेच. तेव्हा गोळी सुरू करण्यापूर्वी साखर, कोलेस्टेरॉल आणि हृदयाची तपासणी करून घ्यायची का, हे विचारा, आणि जिना चढताना छाती भरून येत असेल तर तेही सांगा.