आजीच्या ओव्या आणि जुना फॉन्ट

प्रश्न : ताई, १९९८ साली कॉलेजात असताना मी जिओसिटीजवर (तिथे वेबसाईटसाठी फुकट जागा मिळायची) स्वतःची वेबसाईट केली होती. आजीच्या जात्यावरच्या ओव्या तिच्या तोंडून ऐकून शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केल्या होत्या. आता आजी नाही, वहीही नाही. परवा जुन्या सीडीवर त्या पानाची फाईल सापडली, पण उघडली तर नुसती रोमन अक्षरं, अर्थ काहीच लागत नाही. ओव्या गेल्या का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : नाही गेल्या. सगळ्या आहेत तिथेच.

शिवाजी हा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचा फॉन्ट. संगणकाच्या लेखी तुम्ही रोमन अक्षरंच टाईप करत होता, त्यांना देवनागरीचं रूप द्यायचा तो फॉन्ट. म्हणून तर आम्ही सगळे पानाच्या डोक्यावर ‘आधी फॉन्ट उतरवून घ्या’ असं न चुकता लिहायचो.

आधी फाईलची प्रत काढा. मूळ फाईल अजिबात सेव्ह करू नका, काही अक्षरं कायमची बिघडू शकतात. मग ती प्रत नोटपॅडमध्ये उघडून फॉन्टचं नेमकं नाव बघा, तोच फॉन्ट संगणकावर बसवा आणि पान पुन्हा उघडा. बहुधा ओव्या दिसतील. लगेच छापून घ्या.

युनिकोडमध्ये आणताना मात्र घाई नको. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाईप व्हायची, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर साठवतात. कन्व्हर्टर (जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारा प्रोग्रॅम) साधा असला तर ‘माझिया’तली वेलांटी ‘झ’ला सोडून ‘मा’ला चिकटते. रफारही असाच घसरतो. छापलेला कागद शेजारी ठेवून ओळ न् ओळ ताडून बघा.

माझं पान जिओसिटीजच्या ‘अथेन्स’ पेठेत होतं. (तिथे विषयवार पेठा असायच्या, प्रत्येक घराला नंबर.) २६ ऑक्टोबर २००९ला जिओसिटीज बंद झालं, तेव्हा मी काहीच उतरवून ठेवलं नव्हतं. पुढे वेबॅक मशीनवर, म्हणजे जुन्या वेबपानांच्या संग्रहात, जुना पत्ता घालून पाहिला. पहिलं पान मिळालं, आईच्या हस्ताक्षराचा स्कॅन होता तो चौकोन रिकामा. अजूनही जीव हळहळतो. तुमच्या हातात सीडी आहे, आजच तिच्या दोन प्रती करा.

आणि ओव्या पुन्हा वेबवर ठेवाच. साधं एचटीएमएल पान पुरे, निओसिटीज नावाच्या साईटवर फुकट जागा मिळते. त्याआधी आजीच्या गावातल्या एखाद्या म्हातारीला त्या मोठ्याने वाचून दाखवा. चुकलेला शब्द तिच्या कानाला लगेच खटकेल.