ठोके नियमित झाले, तरी तपासण्या का?

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. एट्रियल फिब्रिलेशनसाठी (हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार) आठ महिन्यांपासून अमिओडॅरोनची २०० मिलिग्रॅमची रोज एक गोळी आणि सोबत रक्त पातळ करणारं वॉरफरिन घेतात. ठोके आता नियमित आहेत. तरी डॉक्टरांनी पुन्हा थायरॉइड आणि लिव्हरच्या तपासण्या लिहून दिल्या. या खेपेला नाही केल्या तर चालेल का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नाही, कृपया टाळू नका. ठोके नियमित आहेत म्हणजे गोळी हृदयावर काम करते आहे, एवढंच कळतं. बाकी शरीरात ती काय करते, ते रक्त तपासल्याशिवाय दिसत नाही.

अमिओडॅरोनच्या या एका गोळीत सुमारे ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं थोडंच सुटं होतं, पण तेही रोजच्या गरजेच्या (०.१५ मिलिग्रॅम) कितीतरी पट भरतं. त्यामुळे थायरॉइड मंदावू शकतं किंवा उलट अति काम करू लागतं. दुसरा प्रकार जास्त फसवा. धडधड परत सुरू होते, वजन उतरतं, हात कापतात आणि घरच्यांना वाटतं, गोळी कमी पडतेय. शिवाय थायरॉइडचं काम वाढलं की वॉरफरिनचा जोरही वाढतो, रक्त जास्त पातळ होतं. म्हणून धडधड परतली तर टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) आणि आयएनआर (रक्त किती पातळ आहे, याची तपासणी) दोन्ही बघायला हवेत.

टीएसएच आणि लिव्हरची तपासणी दर सहा महिन्यांनी, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे साधारण वर्षातून एकदा. नजर धूसर झाली तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडे लगेच जा. कोरडा खोकला किंवा चालताना दम लागू लागला, तर खोकल्याचं औषध आणून वाट बघत बसू नका. फुप्फुसांना सूज आलेली असू शकते, आणि ती लवकर सापडणं फार महत्त्वाचं.

रिपोर्ट बिघडला तरी गोळी मनाने बंद करू नका. हे औषध चरबीत साठतं, बंद केल्यावरही कित्येक आठवडे, कधी महिने शरीरात राहतं. त्यामुळे त्रास लगेच थांबत नाही, आणि ठोके मात्र पुन्हा बिघडू शकतात.

सर्दी-तापासाठी मेडिकलमधून अझिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक परस्पर आणू नका. दोन्ही मिळून ठोक्यांची लय धोकादायकरीत्या बिघडू शकते. जुलाब लागले तर पोटॅशियम उतरतं, तेव्हाही हाच धोका, म्हणून डॉक्टरांना कळवा. ग्रेपफ्रूट वर्ज्य, पपनसही त्याच जातकुळीतलं. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत.