पांढरीफटक बॅग आणि बूस्टरचा फवारा

प्रश्न : धिंगरीचे (ऑयस्टर मशरूमचे) दांडे लांबलचक, टोप्या मात्र इवल्याशा. स्पॉन (मशरूमचे बियाणे) निकृष्ट होते का?

उत्तर : नाही. खोली कोंडली आहे. कार्बन डायऑक्साइड साचला की दांडा लांबतो आणि टोपी खुरटते. खेळती हवा द्या.

प्रश्न : मशरूमला पूर्ण अंधारच लागतो ना?

उत्तर : बटण मशरूमला चालतो. धिंगरीला पिनहेड (मशरूमचे इवलेसे कोंब) नीट धरायला मंद उजेड हवा. ऊन नको.

प्रश्न : मशरूमची बॅग महिनाभर बुरशीच्या तंतूंनी पांढरीफटक आहे, पिनहेड एकही नाही. विक्रेता म्हणतो पोषण कमी पडले, बूस्टर फवारा. ओळखीचे एक जण युरिया सुचवतात.

उत्तर : दोघांचेही ऐकू नका. हा प्रश्न इतक्यांदा येतो की आता बूस्टरच्या बाटलीचे नाव वाचले तरी डोके फिरते. पोट भरलेली बुरशी तंतू पसरत राहते. पुनरुत्पादनाकडे ती वळते ते सहसा अन्न आटू लागले आणि भोवताल पालटला की. यीस्टचेच बघा. नत्र आणि साखर मुबलक असेल तर पेशीला कळी फुटून पेशी वाढत जातात. नत्र तोडा, साखरेऐवजी अ‍ॅसिटेट द्या. काही दिवसांनी सूक्ष्मदर्शकाखाली यीस्टच्या एकेका पेशीच्या पिशवीत चार-चार गोल बीजाणू दाटीने बसलेले दिसतात. उपासमारीने घडवलेले! पेनिसिलियम ही बुरशीही ग्लुकोज भरपूर असताना पेनिसिलिन बनवायला टाळाटाळ करते, म्हणून कारखान्यात साखर थोडी थोडी सोडतात. आणि तुम्ही भरल्या ताटावर आणखी वाढायला निघालात. जादा नत्राने बॅग तापते आणि हिरव्या बुरशीचे फावते. तुमच्या बॅगेला खाऊ नको, बदल हवा : प्लास्टिक काढा किंवा चिरा द्या, हवा, उजेड आणि ओलावा वाढवा. तापमान किती उतरवायचे ते जातीवर ठरते. रोजच्या नोंदी घेऊन आळिंबी तज्ज्ञाला भेटा.

प्रश्न : आठ दिवसांपूर्वी हिरवा ठिपका दिसला, आता अर्धी बॅग हिरवी आहे. तेवढा भाग कापू का?

उत्तर : आठ दिवस कशाची वाट पाहत होता? ती हिरवी भुकटी म्हणजे बहुधा ट्रायकोडर्मा या हिरव्या बुरशीचे बीजाणू. कापलेत तर खोलीभर उडतील. बॅग न हलवता झाकून बाहेर न्या, बाकीच्या बॅगा तज्ज्ञाला दाखवा.

प्रश्न : शरीरात गेल्यावर बुरशी रूप बदलते म्हणे. धिंगरीही?

उत्तर : धिंगरी नाही. हिस्टोप्लाझ्मा ही रोगकारक बुरशी बदलते : 25 अंशांना तंतू, 37 अंशांना यीस्ट. धिंगरीच्या बीजाणूंनी मात्र फुप्फुसाला सूज येऊ शकते. तोडणीला मास्क लावा. खोकला हटत नसेल तर डॉक्टरांकडे जा आणि मशरूम पिकवता हे त्यांना आधी सांगा.