पहिला विजय मिळवलेल्या तरुण प्रशिक्षकास

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. तुझ्या फुटबॉल संघाने हंगामातला पहिला विजय मिळवला, त्याबद्दल तुझे आणि सगळ्या खेळाडूंचे मनापासून अभिनंदन. पत्रात विजयाविषयी चार ओळी आणि चाहत्यांविषयी दोन पाने आहेत, यावरून तुझी काळजी कुठे आहे ते कळले. सलग पराभवांच्या काळात एखाद्या बरोबरीचा गुण पदरात पडला तरी समाधान मानणारे पाठीराखे आता गुणतालिकेतल्या मधल्या जागांची भाषा बोलू लागले आहेत, आणि त्यांच्या अपेक्षा आवरायच्या कशा, असे तू विचारले आहेस. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या आवरण्याच्या फंदात तू पडूच नयेस. अपेक्षा कमी करणे प्रशिक्षकाच्या हाती नसते. त्या कशावर टेकाव्यात हे मात्र बऱ्याच अंशी त्याच्या हाती असते.

त्यासाठी आधी चाहते थोडा वेळ बाजूला ठेव आणि विजय नेमका कशाने मिळाला ते एकट्याने बसून तपास. फुटबॉलमध्ये गोल फार थोडे होतात. ज्या खेळात एका सामन्यात शंभराच्या घरात गुण नोंदवले जातात, तिथे सरस संघाचे सरसपण शेवटी आकड्यांत उतरल्याशिवाय सहसा राहत नाही. इथे मात्र नव्वद मिनिटे दुय्यम खेळलेला संघही एका कॉर्नरवर, एका चुकलेल्या पासवर किंवा गोलखांबाला लागून आत गेलेल्या चेंडूवर सामना घेऊन जातो. कमकुवत संघाच्या चाहत्याला दर आठवड्याला नव्याने आशा वाटते ती याच कारणाने, आणि एका निकालावरून संघाची ताकद ओळखता येत नाही तीही याच कारणाने. तेव्हा सामन्याचे चित्रण पुन्हा पाहताना गोलाचा क्षण पुढे सरकू दे आणि बाकीचे पाहा. प्रतिस्पर्ध्यांनी गोलच्या दिशेने किती फटके मारले आणि त्यांतले किती आपल्या गोलरक्षकाने एकट्याच्या बळावर अडवले? आपला गोल सरावात घोटलेल्या हालचालीतून आला, की समोरच्या बचावफळीच्या गफलतीतून? आघाडी मिळाल्यावर आपले खेळाडू मैदानाच्या मध्यावर उभे होते, की स्वतःच्या पेनल्टी क्षेत्रात दाटीवाटीने?

समोर अकरा जण होते की दहा, हाही प्रश्न यातच येतो. शेफील्ड युनायटेडला प्रीमियर लीगच्या, म्हणजे इंग्लंडमधल्या सर्वोच्च श्रेणीच्या, २०२०-२१ च्या हंगामात पहिल्या विजयासाठी अठराव्या सामन्यापर्यंत थांबावे लागले. १२ जानेवारी २०२१ रोजी त्यांनी न्यूकॅसल युनायटेडला पेनल्टीवरच्या एकमेव गोलने हरवले, पण न्यूकॅसलचा एक खेळाडू मध्यंतरापूर्वीच लाल कार्ड मिळून बाहेर गेला होता. विजय खरा होता आणि तीन गुणही खरे होते. मात्र संपूर्ण उत्तरार्ध दहा जणांविरुद्ध खेळून मिळालेला तो विजय संघाविषयी फार काही सांगत नव्हता. हंगामअखेर तो संघ तळाशीच राहिला.

याहून बोलके उदाहरण त्याच लीगमधल्या डर्बी काउंटीचे आहे. २००७-०८ च्या हंगामात पहिल्या पाच सामन्यांत एक बरोबरी आणि चार पराभव झाल्यावर १७ सप्टेंबर २००७ रोजी त्यांनी १-० असा विजय मिळवला. (तोही न्यूकॅसलवरच, त्या संघाच्या पाठीराख्यांनी हे पत्र वाचू नये हेच बरे.) केनी मिलरने लांबून मारलेला तो गोल पाहणाऱ्या कोणालाही आता गाडी रुळावर येईल असेच वाटले असणार. त्यानंतर उरलेल्या ३२ सामन्यांत डर्बीला एकदाही जिंकता आले नाही. ३८ सामन्यांअखेर त्यांच्या खात्यात ११ गुण होते आणि मार्च महिन्यातच त्यांची खालच्या श्रेणीत घसरण निश्चित झाली होती. तो सुरेख फटका हे एका खेळाडूचे कर्तृत्व होते. दर सामन्यात दोन-दोन, तीन-तीन गोल स्वीकारणारी बचावफळी त्या फटक्याने सुधारणार नव्हती.

उलट बाजूही ऐक, म्हणजे मी तुला केवळ घाबरवतो आहे असे वाटणार नाही. क्रिस्टल पॅलेसने २०१७-१८ च्या हंगामात पहिले सातही सामने गमावले, आणि त्या सात सामन्यांत त्यांना एकही गोल करता आला नव्हता. चार सामन्यांनंतरच प्रशिक्षक फ्रँक डी बोअर यांना काढून रॉय हॉजसन यांना आणले गेले, तरी पराभव लगेच थांबले नाहीत. मग १४ ऑक्टोबर २०१७ रोजी त्यांनी चेल्सीला, म्हणजे आदल्या हंगामाच्या विजेत्यांना, २-१ असे हरवले. गंमत अशी की त्यांच्या नावावर लागलेला हंगामातला पहिला गोल हा चेल्सीच्या खेळाडूने स्वतःच्याच जाळ्यात मारलेला होता. तरीही त्या विजयात पुढे टिकण्यासारखे बरेच काही होते. विल्फ्रेड झाहा दुखापतीतून परतला होता आणि दुसरा गोल त्याचाच होता. हॉजसन यांनी संघाला दिलेली शिस्तबद्ध मांडणी दिसू लागली होती. शिवाय मँचेस्टरचे दोन्ही संघ आणि लिव्हरपूल यांच्या मैदानांवरचे सामने एकदाचे उरकले होते. तो संघ हंगामाच्या शेवटी ४४ गुणांसह अकराव्या स्थानी राहिला.

पण या कहाणीतला जो भाग सहसा कोणी सांगत नाही, तोच तुझ्या कामाचा आहे. चेल्सीवरच्या विजयानंतर पॅलेस पुढचा सामना हरले, आणि लीगमधला दुसरा विजय त्यांना २५ नोव्हेंबरला मिळाला. मधल्या चार सामन्यांत दोन पराभव आणि दोन बरोबरी झाल्या. विजेत्यांना हरवून घरी परतलेल्या चाहत्याला हे सहा आठवडे कसे गेले असतील याचा विचार कर. संघ सुधारत होता आणि निकाल मात्र तसे सांगत नव्हते. तुझ्याही वाट्याला असे आठवडे येण्याची शक्यता दाट आहे, आणि चाहत्यांशी तू आज जे बोलशील त्याची परीक्षा तेव्हा होणार आहे.

आता चाहत्यांकडे येतो. त्यांच्या गणितांवर तू थोडा चिडलेला दिसतोस. उरलेले सामने, त्यांतले घरच्या मैदानावरचे किती, त्यांतून किती गुण, अशी आकडेमोड करणाऱ्यांना हसण्याचे कारण नाही, कारण तीन गुणांच्या पद्धतीनेच ती सवय लावली आहे. इंग्लंडच्या लीगने १९८१ मध्ये विजयाला दोनऐवजी तीन गुण देणे सुरू केले, विश्वचषकात ही पद्धत १९९४ मध्ये आली, आणि तेव्हापासून एका विजयाची किंमत तीन बरोबरींइतकी झाली आहे. तळाच्या संघाला एका दिवसात दोन-तीन जागा वर नेणारा हा हिशेब माणसाला स्वप्ने दाखवणारच. पण तू स्वतः जाहीरपणे कोणताही आकडा बोलू नकोस. प्रीमियर लीगमध्ये चाळीस गुण झाले की संघ खालच्या श्रेणीत जाण्यापासून वाचतो, असे वर्षानुवर्षे म्हटले जाते. २००२-०३ मध्ये वेस्ट हॅम ४२ गुण मिळवूनही खाली गेला, तर २००४-०५ मध्ये वेस्ट ब्रॉमविच अल्बियन ३४ गुणांवर वाचला. आकडा एकदा तुझ्या तोंडून गेला की प्रत्येक पराभवानंतर तोच तुझ्यासमोर धरला जाईल, आणि खेळाविषयी कोणी विचारणारच नाही.

अपेक्षा आवरण्यासाठी प्रशिक्षक सहसा जे बोलतात, तेही तू टाळावेस. ‘हा फक्त एक सामना आहे, पाय जमिनीवर ठेवा’ हे वाक्य खेळाडूंना ड्रेसिंग रूममध्ये सांगायला ठीक आहे; पैसे मोजून, पावसात उभे राहून सगळे पराभव पाहिलेल्या माणसाला ते ऐकवणे मला उद्धटपणाचे वाटते. डर्बीच्या त्या हंगामात घरच्या सामन्यांना सरासरी तीस हजारांहून अधिक लोक येत राहिले होते. असे लोक भाबडे नसतात. संघ किती दुबळा आहे हे त्यांना आपल्यापेक्षा आधी कळलेले असते, आणि तरीही एका विजयानंतर त्यांना मोठी स्वप्ने पाहायची असतात. तो त्यांचा हक्क आहे. त्या आनंदाला लगाम घालण्याऐवजी त्यांना पाहण्यासारखे काहीतरी नेमके दे.

नेमके म्हणजे काय, तेही सांगतो. समजा, तुझ्या तपासणीत असे निघाले की विजयाच्या दिवशी चेंडू गमावल्यावर तो परत मिळवण्यासाठी संघाचे मध्यरक्षक तातडीने धावले आणि म्हणून प्रतिस्पर्ध्यांना प्रतिहल्ले करता आले नाहीत. मग पत्रकारांसमोर आणि चाहत्यांच्या बैठकीत तेवढेच सांग: ‘आम्ही चेंडू गमावल्यावर काय करतो ते पाहा, पुढच्या पाच सामन्यांत हे टिकते का, यावरून आम्हाला जोखा.’ असे सांगण्यात धोका आहे, कारण लोक खरोखरच जोखतील. तरी मी हा धोका पत्करण्याच्या बाजूचा आहे. ज्या चाहत्याला काय पाहायचे ते ठाऊक असते, तो ०-१ असा हरलेला सामनाही निकालापलीकडे जाऊन वाचू शकतो. ज्याला केवळ ‘आम्ही झुंज देऊ’ असे सांगितलेले असते, त्याच्याजवळ निकालाशिवाय दुसरे मोजमापच उरत नाही.

पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन सामोआ या छोट्या बेटांच्या राष्ट्रीय संघाची हकीकत तुला ठाऊक असेल. एप्रिल २००१ मध्ये ऑस्ट्रेलियाने त्यांचा ३१-० असा पराभव केला होता. २२ नोव्हेंबर २०११ रोजी, थॉमस रोंगन यांच्या मार्गदर्शनाखाली, त्यांनी टोंगाला २-१ असे हरवून फिफाच्या मान्यतेच्या सामन्यांतला आपला पहिला विजय मिळवला. त्या ३१ गोलांच्या वेळी जाळ्यासमोर असलेला निकी सलापू याही सामन्यात गोलरक्षक होता. पुढच्या सामन्यात कुक आयलंड्सशी १-१ अशी बरोबरी झाली आणि शेवटचा सामना ते शेजारच्या सामोआकडून ०-१ असे हरले. तक्त्याकडे पाहिले तर संघ विश्वचषकाच्या पात्रता स्पर्धेत पहिल्याच फेरीत बाद झाला, एवढेच दिसते. खेळाकडे पाहिले तर, जो संघ दहा वर्षांपूर्वी एका सामन्यात ३१ गोल स्वीकारत होता, त्याने तीन सामन्यांत मिळून तीनच गोल स्वीकारले होते. चाहत्यांना यातले काय दिसावे, हे बरेचसे कोण त्यांच्याशी कशाविषयी बोलत होते यावर ठरते.

मैदानावर मात्र एक अडचण ताबडतोब येईल, तिची तयारी याच आठवड्यात कर. घरच्या पुढच्या सामन्यात विसाव्या मिनिटापर्यंत गोल झाला नाही की प्रेक्षकांत चुळबुळ सुरू होईल, आणि तुझा बचावपटू चेंडू मागे गोलरक्षकाकडे देईल तेव्हा नाराजीचा सूर उठेल. पराभवांच्या काळात हाच पास कोणाला खटकत नव्हता. नवखा खेळाडू तो सूर ऐकून पुढच्या वेळी चेंडू उगाच लांब उडवतो, चेंडू प्रतिस्पर्ध्यांकडे जातो आणि संघाची मांडणी विस्कटते. यावर उपाय प्रेक्षकांना गप्प करण्यात नाही. सरावात आवाज आणि दडपण निर्माण करून तोच पास पुन्हा पुन्हा खेळवून घे, आणि मागे पास दिल्याबद्दल कोणीही ओरडले तरी जबाबदारी तुझी आहे, हे त्या मुलाला सगळ्या संघासमोर सांग.

प्रतिस्पर्धीही बदलतील. आतापर्यंत तुमच्याविरुद्ध त्यांनी राखीव खेळाडू उतरवले असतील, निष्काळजीपणा केला असेल. आता ते तुमचा सामना पाहून येतील. त्यामुळे तेच अकरा जण, तीच मांडणी पुन्हा चालेलच असे धरून चालू नकोस. जिंकलेला संघ बदलू नये, हा संकेत मला कधीच पटलेला नाही. जो खेळाडू विजयाच्या दिवशी दमून पाय ओढत होता, त्याला केवळ शुभशकुन म्हणून पुन्हा नव्वद मिनिटे खेळवणे त्याच्यावर आणि बाकावर बसलेल्यावर सारखेच अन्यायकारक आहे. आणि बाकावरच्यांकडे विशेष लक्ष दे. पराभवांत सगळे एकत्र असतात. पहिल्या विजयानंतर मात्र त्या दिवशी न खेळलेल्यांना आपण संघाच्या आनंदात उपरे आहोत असे वाटू लागते. चाहत्यांच्या अपेक्षांपेक्षा मला याची भीती अधिक वाटते.

पुढच्या सामन्यासाठी अकरा जण ठरले की यादी पाठव, आणि झालेल्या सामन्याच्या शेवटच्या अर्ध्या तासाचे चित्रणही जोडून दे. आघाडी मिळाल्यावर तुमची बचावफळी किती मागे सरकली, ते मला स्वतः पाहायचे आहे. त्यावरून मध्यरक्षकांच्या जागांविषयी काही सुचले तर सामन्याच्या दोन दिवस आधी कळवीन.

तुझा,
एक जुना प्रशिक्षक